पंधरा क्रमांकाची जागा: फुल बॅक आणि पर्सी माँटगोमेरीची कारकीर्द

रग्बी युनियन या खेळात प्रत्येक संघाचे 15 खेळाडू मैदानात असतात आणि पाठीवरचा आकडा पाहूनच कोण कुठे खेळतो हे कळते. 1 ते 8 हे आकडे फॉरवर्ड्सचे, म्हणजे चेंडूसाठी अंगाला अंग भिडवून झुंजणाऱ्या धिप्पाड खेळाडूंचे. 9 ते 14 हे आकडे त्यांनी मिळवून दिलेला चेंडू पळवणाऱ्या, फेकणाऱ्या आणि लाथाडणाऱ्या बॅक्सचे. आणि या सर्वांच्या मागे, स्वतःच्या गोलरेषेच्या सर्वांत जवळ जो बहुधा एकटाच उभा असतो तो 15 क्रमांकाचा खेळाडू म्हणजे फुल बॅक. 13 खेळाडूंचा रग्बी लीग हा याच घराण्यातला पण वेगळ्या नियमांचा खेळ आहे. येथील विवेचन युनियनपुरतेच आहे.

फुल बॅकची गरज खेळाच्या मूळ नियमातूनच निर्माण होते. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागे किंवा बाजूला द्यावा लागतो आणि पुढे न्यायचा तर छातीशी धरून धावावे लागते किंवा पायाने मारावा लागतो. धावण्याच्या वाटेवर प्रतिस्पर्ध्यांची भिंत उभी असल्यामुळे झटपट मुलूख मिळवण्याचा सोपा उपाय म्हणजे किक, आणि अशी प्रत्येक लांब किक बचावाच्या पुढच्या फळीला ओलांडून मागच्या मोकळ्या जागेत पडते. ती जागा राखणे हे फुल बॅकचे पहिले काम. दुसरे काम त्याहून निकराचे असते: समोरचा एखादा वेगवान खेळाडू सर्वांना चुकवून निसटला, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये फुल बॅकशिवाय कोणी उरलेले नसते. ती रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि त्याचे 5 गुण मिळतात. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारण्याची जी संधी मिळते तिला कन्व्हर्जन म्हणतात व ते साधल्यास आणखी 2 गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्यास मिळणारी पेनल्टी किक आणि चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताक्षणी मारलेला ड्रॉप गोल यांचे प्रत्येकी 3 गुण असतात.

या जागेची खरी परीक्षा उंच चेंडूखाली होते. प्रतिस्पर्धी मुद्दाम चेंडू आकाशात मारतात. तो चार सेकंद हवेत राहिला तर तेवढ्या वेळात चांगला धावपटू तीसेक मीटर अंतर कापून नेमका तो पडतो त्या जागी पोहोचतो. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उंच झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाची नजर जशी चेंडूवर खिळलेली असते तशीच फुल बॅकचीही असते. फरक एवढाच, की रग्बीत तो झेल घेताना शंभर किलोंचा माणूस पूर्ण वेगाने अंगावर येत आहे हे त्याला ठाऊक असते आणि तरीही मान खाली करून त्याच्याकडे पाहण्याची मुभा नसते. म्हणून अनुभवी फुल बॅक अंग किंचित आडवे करून उभा राहतो, जेणेकरून चेंडू निसटलाच तर तो मागे पडावा. कारण हातातून पुढे सांडलेला चेंडू हा ‘नॉक-ऑन’ ठरतो आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या फॉरवर्ड्सनी खांद्याला खांदा लावून केलेल्या रेटारेटीत, चेंडू आत टाकण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. तो एक गुडघा वर घेऊन उडी मारतो, हात डोळ्यांच्या उंचीवर नेतो आणि हवेतच चेंडू पकडतो. हवेत असलेल्या खेळाडूला ओढण्यास किंवा पाडण्यास नियमाने बंदी आहे, परंतु पाय जमिनीला लागताक्षणी ते संरक्षण संपते. स्वतःच्या गोलरेषेपासून 22 मीटरच्या आत त्याने प्रतिस्पर्ध्याची किक थेट झेलली आणि ‘मार्क’ अशी आरोळी ठोकली, तर खेळ थांबून त्याला फ्री किक मिळते. लंबगोल चेंडू ओला असला की हे सारे कितीतरी पटींनी अवघड होते. बॉम्बे जिमखान्यावर भर पावसाळ्यात होणारे रग्बीचे सामने ज्यांनी पाहिले असतील त्यांना ओला चेंडू हातातून कसा सुळकन निसटतो हे वेगळे सांगायला नको.

बचावाचा हा भार उचलणाऱ्या खेळाडूकडून आक्रमणाचीही अपेक्षा धरली जाऊ लागली ती 1960च्या दशकाच्या अखेरीस, आणि तिला एका नियमबदलाची जोड होती. तोपर्यंत मैदानाच्या कुठल्याही भागातून चेंडू थेट बाजूच्या रेषेबाहेर मारला तरी मुलूख मिळत असे, त्यामुळे फुल बॅकने चेंडू झेलावा आणि बाहेर मारावा एवढ्यावर भागत होते. नव्या नियमाने ही सवलत गोलरेषेजवळच्या पट्ट्यापुरती मर्यादित केली आणि इतरत्र चेंडू मिळालेल्या फुल बॅकला धावण्याला प्रोत्साहन मिळाले. वेल्सच्या जे. पी. आर. विल्यम्सने 1969 ते 1981 या काळात आणि फ्रान्सच्या सर्ज ब्लांकोने 1980 ते 1991 या काळात ही जागा आक्रमणाचे उगमस्थान करून दाखवली. ब्लांकोने 93 कसोट्यांत 38 ट्राय केले. रग्बीत कसोटी म्हणजे दोन राष्ट्रीय संघांमधील 80 मिनिटांचा अधिकृत सामना, क्रिकेटसारखा पाच दिवसांचा नव्हे. मात्र हे दोघेही हौशी खेळाडू होते. रग्बी युनियनमध्ये खेळण्याबद्दल पैसे घेणे निषिद्ध होते, त्यामुळे विल्यम्स हा पेशाने अस्थिरोग शल्यविशारद होता आणि खेळ हा त्या व्यवसायाबरोबरच सांभाळला जात होता.

26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने हौशीपणाची अट रद्द केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मंडळांनी दूरचित्रवाणीच्या हक्कांचा दहा वर्षांचा 55.5 कोटी डॉलरचा करार केला होता, आणि 1996 पासून या तीन देशांची ‘ट्राय नेशन्स’ स्पर्धा सुरू झाली. हा बदल केवळ पगारापुरता नव्हता. खेळाडूचा सारा दिवस आता संघाचा झाला, त्याची प्रत्येक चूक चित्रफितीवर पुन्हापुन्हा पाहिली जाऊ लागली, आणि एकाच किकचा हजारो वेळा सराव करण्याएवढा वेळ प्रथमच खेळाडूच्या हाती आला. या बदलाचा अर्थ एका माणसाच्या आयुष्यात पाहायचा असेल, तर पर्सी माँटगोमेरीच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. कारण ती व्यावसायिकतेच्या पहिल्या पिढीत सुरू झाली, अपयशाने सुरू झाली, आणि त्या अपयशाच्याच क्षेत्रात विक्रम करून संपली.

माँटगोमेरीचा जन्म 15 मार्च 1974 रोजी वॉल्व्हिस बे या अटलांटिक किनाऱ्यावरील बंदरात झाला. नामिबिया 1990 मध्ये स्वतंत्र झाल्यावरही हे बंदर दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होते आणि 1 मार्च 1994 रोजी, म्हणजे त्याचा विसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला असताना, ते नामिबियाला मिळाले. त्याचे शालेय शिक्षण केप टाऊनमधील एसएसीएस या जुन्या शाळेत झाले आणि तेथूनच तो वेस्टर्न प्रॉव्हिन्स या प्रांतिक संघाकडे वळला. राष्ट्रीय संघात, म्हणजे स्प्रिंगबॉक्समध्ये, त्याला पहिली संधी मिळाली ती 28 जून 1997 रोजी डर्बनच्या किंग्ज पार्क मैदानावर, ब्रिटिश लायन्सविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत. लायन्स हा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या निवडक खेळाडूंचा संघ असून दक्षिण आफ्रिकेचा असा दौरा तो बऱ्याच वर्षांतून एकदा करतो. आंद्रे जुबेर हा त्या वेळचा फुल बॅक असल्यामुळे माँटगोमेरीला बाहेरच्या सेंटरच्या जागी, 13 क्रमांकावर खेळवण्यात आले.

त्या सामन्याचा गुणफलक आजही दक्षिण आफ्रिकेच्या रग्बीप्रेमींना सलतो. त्यांच्या संघाने तीन ट्राय केले, त्यांतला एक नवख्या माँटगोमेरीचा होता. लायन्सला एकही ट्राय करता आला नाही. तरीही निकाल 15-18 असा लायन्सच्या बाजूने लागला, कारण त्यांच्या नील जेन्किन्सने पाच पेनल्टी अचूक मारल्या आणि जेरेमी गस्कॉटने ड्रॉप गोल केला. दक्षिण आफ्रिकेने किक मारण्याची जबाबदारी हेन्री हॉनिबॉल, जुबेर आणि माँटगोमेरी यांच्यात विभागली होती आणि तिघांपैकी एकालाही चेंडू खांबांमधून नेता आला नाही. तीन कन्व्हर्जनपैकी दोन जरी साधली असती तरी सामना एका गुणाने जिंकला असता. ती कसोटी हातची गेली आणि तिच्याबरोबर मालिकाही गेली.

ही किक म्हणजे नेमके काय, हे येथे थांबून पाहायला हवे. गोलचे दोन उभे खांब एकमेकांपासून 5.6 मीटर अंतरावर असतात आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी जमिनीपासून 3 मीटर उंचीवर असते. चेंडू दांडीच्या वरून आणि खांबांच्या मधून जावा लागतो. कन्व्हर्जनसाठी ट्राय जेथे झाला त्याच्या सरळ रेषेत, हवे तितके मागे जाऊन, चेंडू प्लास्टिकच्या छोट्या बैठकीवर, म्हणजे टीवर, ठेवता येतो. खांबांच्या अगदी समोर 22 मीटरवरून पाहिल्यास त्या दोन खांबांमधील फट साडेचौदा अंशांच्या कोनाएवढी दिसते. परंतु ट्राय मैदानाच्या मध्यापासून 30 मीटर बाजूला झाला असेल, तर मागे सरकत कोणत्याही जागी थांबले तरी तो कोन जेमतेम साडेपाच अंशांपर्यंत पोहोचतो, आणि त्या सर्वांत अनुकूल जागेपासून खांब चाळीस मीटरहून दूर असतात. फार जवळ जावे तर फट चिंचोळी होते, फार मागे जावे तर पायाची ताकद अपुरी पडते. त्यामुळे प्रत्येक किकर स्वतःच्या पायाचा अंदाज घेऊन सुवर्णमध्य काढतो. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला कुठे पडतो, त्याची बोटे कोणत्या दिशेला असतात, मारणारा पाय चेंडूला कोठे लागतो आणि मारल्यानंतर लक्ष्याच्या दिशेने किती पुढे जातो, यांपैकी एकही गोष्ट इंच-दीड इंचाने बिघडली तरी चाळीस मीटरवर तिचे मीटर होतात. खेळातील एरवीची प्रत्येक कृती प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीला दिलेले उत्तर असते. ही एकच कृती खेळ थांबवून, हजारो लोकांच्या देखत, एकट्याने करायची असते.

डर्बननंतर माँटगोमेरीला वगळण्यात आले नाही, आणि हा निर्णय पुढे फार मोलाचा ठरला. पुढच्याच आठवड्यात जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर त्याने पुन्हा ट्राय केला व दक्षिण आफ्रिकेने ती कसोटी 35-16 अशी जिंकली. निक मॅलेट प्रशिक्षक झाल्यावर तो 15 क्रमांकावर स्थिरावला आणि ऑगस्ट 1997 ते नोव्हेंबर 1998 या काळात सलग 17 कसोट्या जिंकून न्यूझीलंडच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी करणाऱ्या संघाचा तो भाग होता. 1999च्या विश्वचषकात संघ उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरला, पण तिसऱ्या स्थानासाठी न्यूझीलंडविरुद्ध 22-18 असा विजय मिळाला, त्यात माँटगोमेरीचे दोन ड्रॉप गोल होते.

पुढची काही वर्षे मात्र त्याची कसोटी पाहणारी ठरली. संघाची कामगिरी घसरली, माँटगोमेरीच्या चुका नजरेत भरू लागल्या आणि देशातल्याच काही मैदानांवर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. फुल बॅकच्या बाबतीत हे वारंवार घडते, कारण त्याची चूक झाकायला मागे कोणी नसते. फॉरवर्ड्सच्या ढिगाऱ्यात कोणी चुकले तर ते प्रशिक्षकालाही चित्रफीत पाहूनच कळते, पण सुटलेला उंच चेंडू गॅलरीतल्या शेवटच्या रांगेलाही दिसतो. 2002 मध्ये तो वेल्समधल्या न्यूपोर्ट क्लबकडे गेला. रँडच्या तुलनेत पौंडाची ताकद पाहता दक्षिण गोलार्धातील खेळाडूंनी ब्रिटन-फ्रान्सची वाट धरणे हे व्यावसायिक युगाचेच लक्षण होते. तेथे 2003 मध्ये एका सामन्यात त्याने टच जजला, म्हणजे बाजूच्या रेषेवरील सहायक पंचाला, ढकलले. पंचाच्या अंगाला हात लावणे हा रग्बीत अक्षम्य अपराध समजला जातो आणि त्याला दोन वर्षांची बंदी झाली; त्यापैकी 18 महिन्यांची शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्यामुळे प्रत्यक्षात त्याला सहा महिने खेळाबाहेर राहावे लागले. शिक्षा योग्यच होती. त्या वर्षीच्या विश्वचषकात तो नव्हता, वय तिशीकडे झुकले होते, आणि इतिहासात त्याची नोंद एवढ्यावरच संपली असती तरी कोणाला नवल वाटले नसते.

2004 मध्ये जेक व्हाइट राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी वेल्समध्ये खेळणाऱ्या माँटगोमेरीला परत बोलावले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने ट्राय नेशन्स जिंकली आणि माँटगोमेरी संघाचा पहिल्या पसंतीचा किकर बनला. आधीच्या आणि नंतरच्या माँटगोमेरीत जो फरक दिसतो तो अंगभूत गुणांचा नसून सातत्याचा आहे: तीच पावले, तेवढाच वेळ, तोच श्वास, आणि चेंडू गेल्यावर चेहऱ्यावर फारसा बदल नाही. नास बोथा या नामांकित किकरचा 312 गुणांचा राष्ट्रीय विक्रम त्याने कधीच मागे टाकला होता. मायदेशी परतल्यावर तो डर्बनच्या शार्क्स संघाकडून खेळू लागला, म्हणजे ज्या किंग्ज पार्कवर 1997 मध्ये त्याच्या किक हुकल्या होत्या तेच आता त्याचे घरचे मैदान झाले. 15 ऑगस्ट 2007 रोजी केप टाऊनच्या न्यूलँड्सवर दक्षिण आफ्रिकेने नामिबियाला 105-13 असे हरवले. त्यात माँटगोमेरीने एक ट्राय, 12 कन्व्हर्जन आणि दोन पेनल्टी मिळून 35 गुण केले. आपल्या जन्मगावावर आता ज्या देशाचे निशाण फडकते, त्याच देशाविरुद्ध त्याने हा राष्ट्रीय विक्रम नोंदवला.

त्यानंतर काही आठवड्यांतच फ्रान्समध्ये विश्वचषक सुरू झाला. त्या स्पर्धेत माँटगोमेरीने दोन ट्राय, 22 कन्व्हर्जन आणि 17 पेनल्टी यांच्या जोरावर 105 गुण मिळवले आणि सर्वाधिक गुणांचा मान पटकावला. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात संघाच्या 37 गुणांपैकी 17 त्याच्या पायातून आले. 20 ऑक्टोबर 2007 रोजी सेंट-डेनी येथे इंग्लंडविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात दोन्ही बाजूंनी एकही ट्राय झाला नाही. डर्बनच्या सामन्याचे हे जणू उलटे रूप होते: येथे सारा निकाल किकवरच लागणार होता. मध्यंतराला दक्षिण आफ्रिका 9-3 अशी पुढे होती आणि ते नऊही गुण माँटगोमेरीचे होते. एकदा त्याला रेषेबाहेर ढकलले गेले आणि तो कडेला ठेवलेल्या दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यावर जाऊन आदळला. गुडघ्याला मार बसला, तरीही तो खेळत राहिला आणि दुसऱ्या डावात चौथी पेनल्टीही त्याने साधली. उरलेली एक तरुण फ्रान्स्वा स्टेनने लांबून मारली. निकाल 15-6. पराभवाच्या त्या पहिल्या दिवशीही दक्षिण आफ्रिकेचे गुण 15च होते, पण या वेळी त्यांतले 12 माँटगोमेरीने पायाने मिळवलेले होते, आणि तेव्हा तो 33 वर्षांचा होता.

2008 मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय रग्बीतून निवृत्ती घेतली. 102 कसोट्या हा त्या वेळी दक्षिण आफ्रिकेचा उच्चांक होता. 25 ट्राय, 153 कन्व्हर्जन, 148 पेनल्टी आणि सहा ड्रॉप गोल मिळून त्याचे 893 गुण झाले. त्यांतले फक्त 125 हातात चेंडू घेऊन, बाकीचे पायाने. पुढे त्याने राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंना किक मारण्याचे प्रशिक्षणही दिले.

फुल बॅक म्हणून माँटगोमेरी सर्वश्रेष्ठ होता का, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. त्याच काळात न्यूझीलंडचा क्रिस्टियन कलन या जागेवर खेळत होता आणि त्याने 58 कसोट्यांत 46 ट्राय केले. मोकळ्या मैदानात चेंडू हाती आल्यावर पाहणाऱ्याचा श्वास अडकवण्याची त्याची किमया माँटगोमेरीकडे नव्हती. मात्र पूर्णवेळ पेशा झाल्यावर या जागेने माणसाकडून काय मागितले, याचा हिशेब कलनच्या झगमगत्या आणि तुलनेने लवकर संपलेल्या कारकिर्दीपेक्षा माँटगोमेरीच्या अकरा वर्षांतून अधिक नेमका कळतो. त्याचे कौशल्य उपजत प्रतिभेपेक्षा सरावातून घडलेले होते आणि ज्या बाबतीत तो पहिल्याच दिवशी उणा पडला होता नेमक्या त्याच बाबतीत ते घडले. त्याच्यानंतर मोर्ने स्टेन आणि हँड्रे पोलार्ड असे दोन अव्वल किकर दक्षिण आफ्रिकेला लाभले आणि पोलार्डने 2019 व 2023 असे दोन विश्वचषक जिंकून दिले. तरी 2024 संपेपर्यंत 893 गुणांचा विक्रम माँटगोमेरीच्याच नावावर होता.